तिसऱ्या हाकेचे मयेकर

मयेकरांच्या घरी चहा मिळतो, पण त्याआधी किंचाळावं लागतं.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या त्या इमारतीत राहायला येऊन मला जेमतेम दोन दिवस झाले होते. वरच्या मजल्याच्या बेलवर ‘मयेकर’ हे आडनाव वाचून इतकं बरं वाटलं, की शेंगदाण्याच्या चटणीची डबी घेऊन मी लगेच वर गेले आणि बेल वाजवली. कोणी उघडलं नाही. पुन्हा वाजवली. दाराआड कोणीतरी श्वास रोखून उभं आहे, हे मला बाहेरून कळत होतं. परत फिरणार होते, पण चटणी परत नेणं जिवावर आलं. तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा दार बोटभर उघडलं आणि फटीत एक डोळा दिसला.

“माणूस ना?” डोळ्याने विचारलं.

“माधवी,” मी म्हटलं. “खालच्या मजल्यावर आलेय. सोलापूरची.”

“मग ये गो बाय, ये!” दार सताड उघडलं. पन्नाशीला टेकलेले, टकलाभोवती केसांची झालर असलेले एक गृहस्थ समोर उभे होते. त्यांनी डबी उघडून वास घेतला, डोळे मिटून मान डोलावली आणि खुंटीवरची गाडीची किल्ली काढली. “चहा करतोच. त्याआधी पाच मिनिटं खाली जाऊन येऊ. तुला जरा किंचाळायचंय.”

परक्या देशात, अनोळखी माणूस, तळघरातलं गॅरेज. शहाण्या मुलीने पळ काढला असता. पण त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा घाबरलेला होता, आणि आपल्याहून भित्रा माणूस भेटला की मला उगाचच धीर येतो. मी गेले. गाडीत बसून त्यांनी काचा वर केल्या, फोन रेकॉर्डिंगला लावला आणि मला नियम समजावले. या इमारतीत दुपारी एक ते तीन आवाज करायचा नाही, रात्री दहानंतर नाही, रविवारी दिवसभर नाही. गाडीत मात्र चालतं. “आता असं समज, तू नदीच्या पायरीवर उभी आहेस. पाण्यातून एक हात आला. ओला. त्याने तुझा घोटा धरला. हं.”

मी किंचाळले. खोटं कशाला सांगू, घोट्याला खरंच गार लागलं होतं.

मयेकरांनी ते दोनदा ऐकलं. “आवाज चांगला आहे,” ते म्हणाले, “पण अजून कोणीतरी मदतीला येईल अशी आशा आहे त्यात. मला आशा सुटलेली किंकाळी हवी.” मग आम्ही वर जाऊन चहा प्यायलो. गवती चहा, आलं, सगळं घातलेला, फार सुंदर चहा होता.

मयेकर मोटारींच्या कारखान्यात दारांच्या रबरी पट्ट्यांचं काम बघतात. गाडीत पाण्याचा थेंब शिरता कामा नये, हे पाहायचं. अठरा वर्षं ते हेच करताहेत. आणि उरलेल्या वेळात ते एक चित्रपट काढत होते. त्याचं नाव ‘खुनी गिऱ्हा’. गिऱ्हा म्हणजे कोकणातलं पाण्यातलं भूत. बुडून मेलेला माणूस गिऱ्हा होतो आणि काठावरून जाणाऱ्याला त्याच्याच माणसाच्या आवाजात हाक मारून पाण्यात ओढतो. मयेकरांच्या चित्रपटातला गिऱ्हा सुक्या जवळ्याच्या डब्यात लपून जर्मनीला येतो आणि नेकार नदीत बस्तान बसवतो. रोज संध्याकाळी काठाशी येऊन हाका मारतो, पण कोणी भीक घालत नाही. एकजण म्हणतो, आधी टर्मीन घ्या, वेळ ठरवल्याशिवाय मी कोणाला भेटत नाही. दुसरा म्हणतो, आज रविवार आहे, ओरडू नका. तिसरी बाई, या जागी पोहायला मनाई आहे म्हणून त्याची तक्रार करते. अपमान होऊन होऊन शेवटी गिऱ्हा पिसाळतो.

“पहिला अर्धा तास हसायचं,” मयेकर सांगत. “नंतर नाही.”

मला मात्र पहिल्या अर्ध्या तासातही हसू आलं नाही, कारण सांगताना त्यांचा आवाज खाली खाली जायचा. आधी केस दिसतात म्हणे. पाण्यावर पसरलेले, शेवाळासारखे. मग काहीच दिसत नाही, आणि मग आपलं नाव ऐकू येतं. मी सोलापूरची. आमच्या घरी नळाला चार दिवसांनी पाणी यायचं, त्यात भूत कुठून येणार? पण त्या दिवसापासून मी बाथटबमध्ये पाणी साठवणं बंद केलं.

पुढे एकदा मी विचारलं, “तुम्ही दोनदा बेल वाजली तरी दार का नाही उघडत?”

“आई सांगायची,” मयेकर म्हणाले, “तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊची नाय. गिऱ्हा दोनदाच हाक मारतो. तिसरी त्याला मारता येत नाही. तिसरी आली म्हणजे माणूस.”

“आणि तुमचा विश्वास आहे यावर?”

मयेकर कपातली साय बोटाने बाजूला करत बसले. “मी सात वर्षांचा होतो. काका होडीत होता, खाडीत, घरापासून इतक्या जवळ की त्याची विडी दिसायची. मी ओट्यावर बसलो होतो. काका एकदम ‘ओ’ म्हणाला. कोणाला तरी उत्तर दिल्यासारखा. होडी परत आली, काका नाही.” कप खाली ठेवून ते म्हणाले, “मी त्याची ओ ऐकली गो. हाक नाही ऐकली.”

त्या दिवशी जिना उतरताना मी कठडा धरून उतरले.

तर असे हे मयेकर. घोट्याच्या वर पाण्यात कधी न गेलेले, खाडीकाठी जन्मूनही पोहता न येणारे. बेल तिसरी, फोनही तिसरा. पत्राचंही तेच. सायकल जिन्याखाली ठेवू नका, असं घरमालकाचं पत्र आलं की पहिलं ते उघडत नसत, दुसरं उघडत नसत. तिसरं लाल अक्षरांत आलं की “जा, हा माणूसच आहे” म्हणून उघडायचे. कारखान्यात साहेबाने बैठकीत “हेर मयेकर?”, हेर म्हणजे श्रीयुत, असं म्हटलं की हे गप्प. दुसऱ्यांदा म्हटलं तरी छताकडे बघत गप्प. तिसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर. साहेबाचा समज असा, की हा माणूस पूर्ण विचार केल्याशिवाय तोंड उघडत नाही. या गुणावर मयेकरांना बढती मिळाली, असं ते स्वतःच सांगतात.

माझी परीक्षा त्यांनी तळघरात घेतली. इमारतीची कपडे धुण्याची यंत्रं तिथे आहेत. तळघराला इथे सगळे केलर म्हणतात. मयेकर तिथे एकटे कधीच उतरत नसत. “बाय, तुझेही मळलेत का कपडे?” असं विचारत यायचे आणि मी बरोबर जायचे. तिथला दिवा काही मिनिटांनी आपोआप विझतो. एका दुपारी मी यंत्रातून ओले कपडे काढत असताना तो विझला. बटण दाराशी, मी आतल्या टोकाला. काळोखात कुठेतरी पाणी ठिबकत होतं. आणि माझ्या आईच्या सुरात, अगदी तसाच शेवटच्या वेलांटीवर हेल काढून, कोणीतरी म्हणालं, “माधवी…”

“अं?” मी म्हटलं.

दिवा लागला. बटणापाशी मयेकर उभे होते, पांढरेफटक. आईची हाक त्यांनी माझ्या फोनवर ऐकलेली होती. “मेलीस,” ते म्हणाले. “एका हाकेत मेलीस.” मी ओला टॉवेल फेकून मारला तो त्यांच्या तोंडावर बसला, आणि ते असे किंचाळले की मीच घाबरून खाली बसले. कोणीच रेकॉर्ड केलं नाही, याचं त्यांना नंतर वाईट वाटलं.

तिथेच, यंत्र फिरत असताना, त्यांनी मला सईबद्दल सांगितलं. सई त्यांची मुलगी, तेरा वर्षांची. नवरा-बायको वेगळे झाले त्याला पाच वर्षं झाली. सई आईबरोबर म्युनिकला असते आणि एकाआड एक शनिवारी बाबांकडे येते. आई भली बाई, भांडण नाही, तंटा नाही. पण जानेवारीपासून यायचं की नाही, हे सईने स्वतः ठरवायचं, असं दोघांनी तिला कबूल केलं होतं.

“नाही येणार ती,” मयेकर म्हणाले. “इथे येऊन काय करेल? मी मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते. काय खाशील? एगाल. कुठे जायचं? एगाल. काहीही चालेल, म्हणजे काहीच नको. सहा वर्षांची होती तेव्हा रोज गिऱ्ह्याची गोष्ट मागायची. घाबरली की माझ्या काखेत शिरून म्हणायची, बाबा, दिवा नको घालवू. असं स्वच्छ मराठीत. तिला भीती मराठीतच वाटायची गो.”

म्हणजे चित्रपट एवढ्यासाठी होता. हा माणूस वर्षभर किंकाळ्या गोळा करत होता, त्या सईला ऐकवण्यासाठी. ती एकेक ऐकून म्हणायची, “पाइनलिश.” लाज वाटण्यासारखं. माझी किंकाळीही पाइनलिश ठरली होती, हे कळल्यावर मला बरंच लागलं.

सईशी माझी ओळख जिन्यात झाली. कानात इअरफोन, मोठं फुगलेलं जाकीट, आणि मयेकरांचेच घाबरे डोळे, फक्त ते घाबरत नाहीत असं दाखवणारे. मी म्हटलं, “बाबा तुझी फार वाट बघतात.” तिला सगळं कळतं. ती जर्मनमध्ये म्हणाली, “मी फोन करते, ते उचलत नाहीत. तीन वेळा करावा लागतो. शाळेत पडले होते तेव्हाही तीन वेळा. आता मी एकदाच करते.”

मी वर जाऊन मयेकरांना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी खिशातून फोन काढून टेबलावर पालथा ठेवला. मोठ्यांदा चूक सांगून मोकळं व्हायची मला खोड आहे, पण त्या वेळी वाटलं, जरा हळू सांगायला हवं होतं. “ठरवतो मी दर वेळी, की पहिलाच घ्यायचा,” ते म्हणाले. “फोनवर तिचं नाव दिसतं. अंगठा पुढे जातच नाही. काकाची ओ ऐकू येते.”

शूटिंग नोव्हेंबरातल्या एका शनिवारी ठरलं. साडेतीन वाजता, कारण इथे तेव्हा साडेचारलाच दिवेलागण होते. भुताखेतांच्या सोयीचा देश आहे. गिऱ्हा स्वतः मयेकरच होणार होते. अंगाला कारखान्याने टाकून दिलेल्या रबरी पट्ट्यांचे तुकडे शिवलेले, आणि डोक्याला लादी पुसायच्या चार मॉपांचा हिरवा रंगवलेला टोप. तो पडेल या भीतीने हनुवटीखाली दोन पट्टे आवळले होते. बळी म्हणून तळमजल्यावरच्या फ्राउ बॉयम्लर, म्हणजे बॉयम्लरबाई, आल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. वर्षभर किंकाळ्यांविरुद्ध तक्रारी करून शेवटी त्यांनीच विचारलं होतं, माझी घेणार नाही का? त्यासाठी त्यांनी आधीच्या एका मंगळवारी साडेतीनची वेळ दिली, बरोबर साडेतीनला किंचाळल्या आणि तीन पस्तीसला घरी गेल्या. मी कॅमेरा, म्हणजे माझा फोन. आणि सई नुसतीच, कारण तिला घरी एकटीला ठेवायचं नव्हतं.

नदीवर धुकं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता, पाणी हलत होतं की नाही तेही कळत नव्हतं. काठावर जुन्या दगडी पायऱ्या आहेत, खाली पाण्यात गेलेल्या. शेवटच्या कोरड्या पायरीवर मयेकरांनी एक छोटा स्पीकर ठेवला. तो गिऱ्ह्याचा आवाज. थोड्या थोड्या वेळाने आपोआप वाजेल असा लावून त्यांनी बटण दाबलं आणि धुक्यातून एका लहान मुलीचा आवाज आला, “बाबा…” जरा थांबून पुन्हा, “बाबा…” मग काही नाही.

सईने इअरफोन काढले. “ही मी आहे,” ती जर्मनमध्ये म्हणाली. “ही मी आहे ना?”

“सहा वर्षांची असताना,” मयेकर टोपाआडून म्हणाले. “फोनमध्ये होतं. गिऱ्हा आपल्याच माणसाच्या आवाजात बोलतो ना. माझ्याकडे दुसरा आवाज कोणता असणार?”

सई पाइनलिश म्हणाली नाही. ती पायऱ्यांकडे बघत राहिली.

आम्ही तालमी सुरू केल्या. फ्राउ बॉयम्लर काठावरून काठी टेकत चालायच्या, स्पीकर दोनदा हाक मारायचा, त्या वळून बघायच्या. कधी त्या लवकर वळायच्या, कधी माझा अंगठा कॅमेऱ्यावर यायचा. स्पीकर पुन्हा, पुन्हा, पुन्हा. अंधार दाटत गेला तसा तो आवाज जास्तच लहान वाटायला लागला. दहा-बारा वेळा ऐकल्यावर मला तो सवयीचा झाला, आणि मला वाटतं खरी भीती तिथेच लपलेली असते. मयेकर झुडपामागे जाऊन टोपाचे पट्टे आवळत होते. मी फोनच्या पडद्याकडे बघत होते. सई कधी पायऱ्या उतरून त्या स्पीकरपाशी गेली, ते कोणी पाहिलं नाही.

“बाबा!”

मी हललेसुद्धा नाही. हे मला लिहायलाच हवं. मी मनात म्हटलं, या वेळी आवाज चांगला आलाय. फ्राउ बॉयम्लरही ठरल्याप्रमाणे वळून उभ्या राहिल्या. मी दुसऱ्या हाकेची वाट बघत होते.

दुसरी हाक आली नाही. झुडपातून रबर फाटल्याचा आवाज आला, एक हिरवं धूड माझ्या अंगावरून गेलं, दोन पायऱ्यांत पाण्यात शिरलं आणि दिसेनासं झालं. पाण्यावर फक्त केस राहिले. पसरलेले, हिरवे. त्यांनी सांगितलं होतं तसेच.

सई शेवाळावरून घसरली होती. जाकीट भिजून जड झालेलं, पण एका हाताने तिने काठाची लोखंडी कडी धरली होती. तिला पोहता येतं, शाळेत शिकवलंय, बिल्ला मिळालाय. बुडत होते ते मयेकर. सईने दुसऱ्या हाताने ते पाण्यावरचे केस मुठीत धरले आणि ओढले. हनुवटीचे पट्टे आवळलेले होते म्हणून टोपाबरोबर माणूसही आला. फ्राउ बॉयम्लरनी काठीची मूठ तिच्या जाकिटात अडकवली, मी फ्राउ बॉयम्लरना कमरेला धरलं, आणि कसंबसं सगळे पायरीवर आलो. तोवर फ्राउ बॉयम्लर जे ओरडत होत्या, त्यात कुठलीच वेळ ठरवलेली नव्हती.

सई थरथरत होती, आणि बापाच्या छातीवर मुठी मारत रडत होती. “तुला पोहता येत नाही ना! बाबा! तुला येत नाही ना पोहता! मग कशाला आलास?”

मराठीत. सगळं मराठीत.

मयेकरांचे दात वाजत होते. “हाक मारलीस ना,” ते म्हणाले.

सगळ्यांना ब्लँकेटांत गुंडाळून मयेकरांच्या घरी आणलं. त्या दिवशी किंचाळल्याशिवाय चहा मिळाला. केला मीच. सईची मूठ तेव्हाही मिटलेली होती. उघडली तेव्हा तीत मॉपाची एक हिरवी दोरी होती. मयेकरांनी ती बघितली आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, “टाकू नकोस हं. गिऱ्ह्याचा केस ज्याच्याकडे असतो, त्याने बोलावलं की गिऱ्ह्याला यावंच लागतं. आई सांगायची.” सई म्हणाली, “गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर, आणि दोरी खिशात घातली. पण ती तिने ठेवली की म्युनिकच्या गाडीत फेकून दिली, कोणाला माहीत? त्या वयाच्या मुलांचं काही सांगता येत नाही. डिसेंबरात नाताळच्या गडबडीत ती आलीच नाही, आणि तिच्या आईने झाला प्रकार ऐकून काय ठरवलं असेल, या विचाराने मयेकर डिसेंबरभर खंगत गेले. चित्रपट पुढे सरकला नाही. पट्ट्या, टोप, सगळं तळघरात गेलं, आणि तिथे जायला आता मलाही सोबत लागते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सई फोन करून काय ते सांगणार होती. त्या संध्याकाळी सहाला मयेकर माझ्याकडे आले. घरात एकटं बसवत नाही म्हणाले. फोन त्यांनी टेबलावर उताणा ठेवला आणि समोर हात मांडीखाली घेऊन बसले. मी भाजी चिरायला घेतली आणि दोन वेळा बोट कापून घेतलं. साडेसहा झाले. मयेकर म्हणाले, “नाही करणार.” मी म्हटलं, “करेल.” सात वाजायला आले. ते म्हणाले, “एकदाच करते ती, तुला सांगितलंय ना तिने.” त्यांचा अंगठा मांडीखालून बाहेर आला होता.

फोन उजळला. सई.

मी सवयीने मनात म्हटलं, एक…

वाजणं पुरतं सुरूसुद्धा झालं नव्हतं. मयेकरांनी फोन कानाला लावला. इथे फोन उचलला की आपलं आडनाव सांगायची पद्धत आहे. अठरा वर्षं तेही तेच सांगत आलेत. त्या दिवशी त्यांनी डोळे घट्ट मिटले, आणि खाडीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

“ओ!”